कँटनचे दोन दिवस

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेच्या चिटणीसांनी आम्हाला 'परदेश प्रवासातील अनुभव' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. आमचा परदेश प्रवास तो केवढा! ऑक्टोबर २०१८ मध्ये एका मित्रासोबत चीनमधील ग्वांगझौ या शहरी आम्ही गेलो होतो आणि त्यातले शनिवार-रविवार असे दोनच दिवस आमच्या हाती मोकळे होते. दोन दिवसांत चीन समजला असे म्हणणारा माणूस एक तर फार हुशार असला पाहिजे किंवा लबाड. आम्ही दोन्ही नाही. म्हणून चीनवर भाष्य न करता त्या दोन दिवसांत जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे वाचले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या मित्राचे इतवारीत विजेच्या सामानाचे दुकान आहे. ग्वांगझौ येथे १९५७ पासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, एक प्रचंड व्यापारी मेळा भरतो. त्याला कँटन फेअर म्हणतात. शरदातील मेळ्याचा पहिला टप्पा दिवे आणि विजेच्या उपकरणांचा असतो. मित्राला तेथे जायचे होते. त्याचे इंग्रजी कच्चे, म्हणून आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या आम्हाला त्याने सोबत घेतले. तेथे गेल्यावर कळले की, आमच्या इंग्रजीचा त्या शहरात काडीचा उपयोग नाही. मित्र मात्र गणकयंत्रावर आकडे दाबून, बोटे नाचवून आणि मान हलवून आरामात सौदे करीत होता. दुभाष्याची गरज कोणाला होती हा प्रश्नच होता!

त्या वर्षी विजयादशमी १८ ऑक्टोबरला आली होती. नागपुरात दीक्षाभूमीवर लोकांचा सागर उसळलेला आणि आम्ही मात्र दिव्यांच्या झगमगाटात हिंडत होतो. मनाला चुटपुट लागली. मेळ्याचा पहिला टप्पा १९ तारखेला संपला, परतीचे विमान सोमवारचे. मधले दोन दिवस मोकळे. आम्ही मित्राला म्हटले, "पाच दिवस तुझे झाले, आता हे दोन दिवस आमचे." तो म्हणाला, "चल बाप्पा, तू म्हणशील तिकडे येतो. पण जेवायचं काय ते आधी पाह्यजो."

ग्वांगझौ म्हणजे आपल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकातील कँटन. चीनच्या दक्षिण टोकाला, मोती नदीच्या काठी वसलेले बंदर. २०२० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८७ लाख भरली. आपले नागपूर २०११ च्या जनगणनेत २४ लाखांचे होते, यावरून अंदाज यावा. नदीकाठी सहाशे मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. जमिनीखालून धावणारी रेल्वे मिनिटामिनिटाला येते. भाजीवाली बाईसुद्धा रोख पैसे न घेता मोबाईलवर घेते, आणि आमच्याकडे ती सोय नसल्याने आम्ही खिशातून नोटा काढल्या की आमच्याकडे कुतूहलाने पाहते. जेवणाच्या बाबतीत, सावजीच्या रश्श्यावर वाढलेल्या मित्राची फार अडचण झाली. कँटनचे जेवण सौम्य असते, तिखटाचे नाव नाही. सोबत आणलेली चटणीची पुडी तो सोन्याच्या पुडीसारखी जपत होता.

हे सारे कोणीही प्रवासी सांगेल. आम्हाला सांगायचे आहे ते वेगळे.

विद्यार्थी मित्रांनो, भारतातून चीनला धम्म गेला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट, उंट आणि बर्फाचे डोंगर येतात. तो मार्ग खराच. परंतु दुसरा मार्ग समुद्राचा होता आणि त्या मार्गाचे मोठे दार म्हणजे हे कँटन. आपण शाळेत फाहियानचे नाव वाचतो. भारतातून परतताना त्याने जावाकडील प्रदेशातून जे जहाज पकडले, ते कँटनलाच निघाले होते. पन्नासेक दिवसांचा प्रवास असे व्यापारी धरून चालत. वाटेत वादळ झाले. जहाजावरील काही ब्राह्मण प्रवाशांनी या भिक्षूमुळेच संकट आले असे ठरवून त्याला एखाद्या बेटावर उतरवून देण्याचा घाट घातला. एका सहप्रवाशाने ठाम विरोध केला म्हणून तो वाचला. शेवटी जहाज भरकटत इ.स. ४१२ मध्ये उत्तरेकडे शानतुंगच्या किनाऱ्याला लागले. फाहियानला कँटन दिसले नाही. परंतु त्यानंतर अडीचशे वर्षांनी, इ.स. ६७१ मध्ये, इत्सिंग याच बंदरातून जहाजाने निघाला आणि श्रीविजयमार्गे ताम्रलिप्तीला, तेथून नालंदेला पोहोचला.

शनिवारी सकाळी आम्ही भुयारी रेल्वेने शीमेनखौ या स्थानकावर उतरलो आणि पायी ग्वांगश्याव विहारात गेलो. शहरातील हा अतिशय जुना विहार. बाहेर मोटारींची वर्दळ आणि आत प्रवेश करताच मोठी झाडे, लाल खांबांची दालने, उदबत्त्यांचा धूर. आश्चर्य वाटले ते तरुणांचे. कचेरीला सुट्टी म्हणून आलेली पंचविशीतली मुले-मुली तीन उदबत्त्या कपाळाला लावून उभी होती. अंगणात एक बोधिवृक्ष आहे. परंपरा अशी की, इ.स. ५०२ मध्ये एका भारतीय भिक्षूने बोधिवृक्षाचे रोप समुद्रमार्गे येथे आणून लावले. तो मूळ वृक्ष पुढे पडला, आजचा नंतर लावलेला आहे. मित्राने खाली पडलेले एक पान उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "अबे, हा तर आपला पिंपळच हाय!" हजारो मैलांवर ओळखीचे झाड भेटल्याचा आनंद काही औरच असतो.

या विहाराशी जोडलेल्या दोन माणसांची कथा आपणास सांगितलीच पाहिजे.

पहिला हुइनेंग. सातव्या शतकात याच प्रांतात एका गरीब घरात जन्मला. लहानपणी बाप गेला. जंगलातून लाकडे आणून विकायची आणि आईला पोसायचे, हा त्याचा धंदा. लिहिता-वाचता येत नव्हते. एकदा लाकडाची मोळी टाकायला गेला असताना कोणी वज्रच्छेदिका सूत्राचे पठण करीत होते, ते त्याच्या कानी पडले. तेवढ्यावर तो शेकडो मैल उत्तरेला होंगरेन या थोर आचार्याकडे शिकायला गेला. परंपरा सांगते की, आचार्यांनी त्याला पहिल्याच भेटीत टोकले. तू दक्षिणेचा, तेथल्या रानटी लोकांतला, तू कसा बुद्ध होणार, असा त्या टोकण्याचा आशय होता. हुइनेंगने उत्तर दिले की, माणसांमध्ये उत्तरेचा आणि दक्षिणेचा असा भेद असेल, बुद्धत्वात तसला भेद नाही. त्याला कोठारात भात सडायला लावले. आठ महिने त्याने तेच काम केले. आणि शेवटी आचार्यांनी आपला वारसा कोणाला दिला? आश्रमातील विद्वान पट्टशिष्याला नाही, या भात सडणाऱ्याला. लोकांच्या मत्सरापासून वाचण्यासाठी तो वर्षानुवर्षे अज्ञातवासात राहिला आणि इ.स. ६७६ मध्ये या ग्वांगश्याव विहारात प्रकट झाला. येथेच बोधिवृक्षाखाली त्याचे केशवपन होऊन त्याला रीतसर दीक्षा मिळाली. ते केस पुरले त्या जागी एक छोटा अष्टकोनी स्तूप आहे. चिनी ध्यान संप्रदायात तो सहावा आचार्य म्हणून पूजला जातो.

बंधू-भगिनींनो, ही कथा या सभागृहात समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. 'तू कुठला, कोणाचा' हा प्रश्न ज्यांच्या बापजाद्यांना दारात अडवून विचारला गेला, त्यांना ती आपोआप समजते. त्या स्तूपापुढे आम्ही बराच वेळ उभे होतो. मित्र जातीने आमच्यातला नाही, आणि धर्माबिर्माच्या भानगडीत पडणाराही नाही. त्याने कथा ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाला, "मंजे तिकडेही होतंच का हे?" होते. आणि तेथेही कोणीतरी उभे राहून उत्तर दिलेच.

दुसरा माणूस परमार्थ. हा आपल्या शेजारचा, उज्जैनीचा. मोठा पंडित. चीनच्या सम्राटाच्या आमंत्रणावरून ग्रंथांचे भारे घेऊन तो इ.स. ५४६ मध्ये या बंदरात उतरला. दोन वर्षांनी राजधानीत पोहोचला आणि त्याच वर्षी तेथे बंड झाले. राजवट कोसळली. त्यापुढे हा माणूस आश्रय शोधत गावोगाव फिरत राहिला. युद्धाचा धुमाकूळ, हाताशी शिष्य थोडे, तरी भाषांतराचे काम चालूच. शेवटी मायदेशी परतायचे म्हणून इ.स. ५६२ मध्ये तो जहाजात बसला, तर वाऱ्याने ते जहाज पुन्हा कँटनलाच आणून सोडले. मग तो येथेच राहिला. ग्वांगश्याव विहाराच्या जागी तेव्हा जो विहार होता, तेथे त्याने असंगाचा 'महायानसंग्रह' आणि वसुबंधूचा 'अभिधर्मकोश' हे ग्रंथ चिनी भाषेत आणले. शेवटी शेवटी आपल्या कामाचा या देशात काही उपयोग होणार नाही, अशा निराशेने त्याला इतके घेरले की, त्याने जीव देण्याचाही प्रयत्न केला. शिष्यांनी आणि प्रांताधिपतीने त्याला समजावून परत आणले. ज्या शिष्यावर भिस्त होती, तो त्याच्या आधी वारला. राजधानीतील भिक्षूंनी त्याला तेथे येऊ दिले नाही. इ.स. ५६९ मध्ये परमार्थ या शहरात मरण पावला.

मित्र म्हणाला, "कायले आला होता बिचारा इतक्या दूर?" खरोखर, त्या क्षणी हिशेब मांडला असता तर परमार्थाचे दुकान तोट्यातच दिसले असते. परंतु पुढचा हिशेब ऐका. परमार्थाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांच्या आत एक तरुण चिनी भिक्षू महायानसंग्रहाचे हेच चिनी भाषांतर अभ्यासत होता. त्याला शंका आल्या. वेगवेगळे आचार्य वेगवेगळे अर्थ सांगत. तेव्हा मूळ ग्रंथ आणि मूळ गुरू यांच्याकडेच जावे, असा त्याने निश्चय केला आणि सरकारी बंदी मोडून तो भारताच्या वाटेला लागला. तो ह्युएनत्संग. तोच पुढे नालंदेत शिकला, इ.स. ६४० च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात आला, पुलकेशीच्या राज्यातील लोक स्वाभिमानी, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत असे त्याने लिहून ठेवले. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन त्याने केले, ते अजिंठ्याचे मानले जाते. आपल्या इतिहासाची ती पाने आज आपल्याला चिनी भाषेतून मिळतात. त्यामागे उज्जैनीच्या त्या निराश पंडिताच्या शाईचे थेंब आहेत, हे आम्हालाही तेथे उभे राहीपर्यंत कधी जाणवले नव्हते.

आणखी एक दुवा. अभिधर्मकोशाचे मूळ संस्कृत भारतात नष्ट झाले होते. चिनी आणि तिबेटी भाषांतरांवरूनच जगाला तो ग्रंथ ठाऊक होता. १९३० नंतरच्या दशकात राहुल सांकृत्यायनांनी तिबेटच्या मठांतून त्याची हस्तलिखिते शोधली, आणि त्यातील मूळ कारिकांचे संपादन १९४६ मध्ये प्रसिद्ध केले ते वा. वि. गोखले या मराठी पंडिताने. उज्जैनी, कँटन, तिबेट आणि पुणे असा हा प्रवास आहे.

त्या अंगणातच एक म्हातारी बाई नातवासोबत बसली होती. नातू महाविद्यालयात शिकणारा, त्याला थोडे इंग्रजी येत होते. आम्ही 'यिन्दू'चे, म्हणजे भारताचे, हे कळताच बाईंनी हात जोडले. भारताला 'यिन्दू' हे नाव ह्युएनत्संगानेच चीनमध्ये रूढ केले. मग त्यांनी नातवाकरवी एक प्रश्न विचारला. बुद्धांच्या देशात आता बुद्धाला मानणारे कोणी उरले आहे काय?

प्रश्नात खोच नव्हती. त्यांनी जे ऐकले होते त्यावरून विचारलेला तो साधा प्रश्न होता. आम्ही शब्द जुळवीत होतो, तेवढ्यात मित्राने खिशातून मोबाईल काढला. दोन दिवसांपूर्वी, विजयादशमीला, त्याच्या मुलाने दीक्षाभूमीचे छायाचित्र त्याला पाठविले होते. पांढरा घुमट आणि सभोवार माणसेच माणसे. त्याने ते बाईंच्या समोर धरले, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "माय सिटी." आम्ही नातवाला सांगितले की, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी लोकांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. एका दिवसात, एका मैदानावर, रक्ताचा थेंब न सांडता. नातवाने आकडा ऐकून दोनदा खात्री करून घेतली. बाई बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिल्या. नंतर त्यांनी नातवाला काहीतरी सांगितले. तो म्हणाला, "आजी म्हणते, हे आम्हाला कोणी सांगितले कसे नाही?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि आज येथे बोलण्याचे खरे कारण तो प्रश्नच आहे.

दुपारी जवळच्याच ल्यूरोंग विहारात गेलो. त्याची स्थापना इ.स. ५३७ ची. सु तुंगपो या कवीने इ.स. ११०० मध्ये तेथील सहा वटवृक्ष पाहून 'सहा वड' अशी अक्षरे लिहिली, तेच नाव पुढे चालले. तेथील सत्तावन्न मीटर उंचीचा मनोरा बाहेरून नऊ मजल्यांचा दिसतो. जवळच एका शाकाहारी खानावळीत जेवलो. चटणीची पुडी तेथे संपली.

रविवारी जुन्या बाजारपेठेच्या भागातील ह्वालिन विहाराकडे गेलो. सहाव्या शतकात बोधिधर्म भारतातून येऊन येथेच प्रथम उतरला, अशी परंपरा आहे. 'पश्चिमेकडून आलेल्याची पहिली भूमी' अशा अर्थाचे नाव त्या भागाला आहे. तेव्हा पाणी तिथवर होते. आता भोवती हिरव्या जेड दगडांच्या दुकानांची गर्दी. आत पाचशे अर्हतांच्या मूर्तींचे दालन आहे. १९६६ मध्ये सुरू झालेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तेथील जुन्या मूर्ती फोडल्या गेल्या, आज आहेत त्या नंतर पुन्हा घडविलेल्या. ज्या देशाने आपला वारसा जपला, त्याच देशाने एका काळात तो आपल्याच हातांनी फोडला, हेही सांगितले पाहिजे. जपणूक ही एकदा करून संपणारी गोष्ट नाही.

याच शहराशी निगडित आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगतो. संघभद्र नावाच्या परदेशी भिक्षूने इ.स. ४८९ मध्ये येथील एका विहारात विनयाच्या अट्ठकथेचे चिनी भाषांतर पूर्ण केले. त्याच्याजवळ विनयाची एक पोथी होती. सांगितले जाते की, भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर उपालीने विनयाचे संकलन केले, वर्षावास संपल्यावर पोथीची पूजा केली आणि तिच्यावर एक ठिपका काढला. दरवर्षी एकच ठिपका. गुरूने पोथी शिष्याला दिली, शिष्याने त्याच्या शिष्याला. संघभद्राने कँटनला आपला ठिपका काढला तेव्हा एकूण ठिपके भरले ९७५. आता वजाबाकी करा. ९७५ मधून ४८९ गेले, राहिले ४८६. म्हणजे महापरिनिर्वाण इ.स.पूर्व ४८६ मध्ये झाले. विद्वानांत बुद्धाच्या कालाविषयी वाद आहेत. सिंहली परंपरा इ.स.पूर्व ५४४ धरते, आणि त्याच गणनेने १९५६ साली अडीच हजारावी जयंती साजरी झाली. काही आधुनिक संशोधक काल आणखी अलीकडे आणतात. परंतु या वादात कँटनच्या ठिपक्यांचा पुरावा आजही मांडला जातो. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाचा जन्म इ.स.पूर्व ५६३ चा दिला आहे. त्यात ऐंशी वर्षांचे आयुष्य धरा. इ.स.पूर्व ४८३ येते. फरक अवघ्या तीन वर्षांचा!

आणि संघभद्राच्या त्या चिनी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर कोणी केले? पुण्याच्या डॉ. पु. वि. बापटांनी, हिराकावा या जपानी विद्वानाच्या सोबतीने. भांडारकर संस्थेने १९७० मध्ये ते प्रसिद्ध केले. बापटांचे पालीचे गुरू धर्मानंद कोसंबी. पालीवर न थांबता बापट चिनी भाषा शिकले, 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' यांचा तौलनिक अभ्यास त्यांनी १९३७ मध्ये छापला. दीड हजार वर्षे कँटनच्या भाषेत राहिलेला ग्रंथ एका मराठी माणसाने परत आणला. ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

रविवारी संध्याकाळी आम्ही नदीच्या धक्क्यावर बसलो होतो. तारीख होती २१ ऑक्टोबर. बरोबर ऐंशी वर्षांपूर्वी, २१ ऑक्टोबर १९३८ रोजी, जपानी फौजा या शहरात शिरल्या होत्या. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १७ सप्टेंबरला, पाच भारतीय डॉक्टर या बंदरात उतरले होते. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना लोकवर्गणी जमवून पाठविलेले ते वैद्यकीय पथक. डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. कोटणीस, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. सोलापूरच्या कोटणीसांना सारा महाराष्ट्र ओळखतो. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते चीनमध्येच वारले, त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. पण दुसरे मराठी नाव, डॉ. एम. आर. चोळकर, हे आपल्या नागपूरचे! पथक मुंबईहून १ सप्टेंबरला निघाले, कँटनहून युद्धाच्या धुमश्चक्रीतून हांकौ, चुंगकिंग करीत फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. वाटेत शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे संस्थापक तान युन-शान यांनी प्रत्येकाच्या नावापुढे 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडून त्यांना चिनी नावे दिली. चोळकर त्याच वर्षी परतले.

हे ऐकून मित्र एकदम ताठ बसला. "नागपूरचा? अन् आपल्याले मालूमच नाही?" आम्ही म्हटले, "कालच त्या आजीने हेच विचारले ना?"

मित्रहो, दोन देशांमध्ये १९६२ चे युद्ध झाले. आमच्या प्रवासानंतर २०२० मध्ये गलवानला आपले जवान धारातीर्थी पडले. त्या वर्षापासून थेट विमाने बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली, आणि योगायोग असा की, पहिले उड्डाण कोलकाता ते ग्वांगझौ हेच होते. सरकारांचे संबंध चढतात, उतरतात. त्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु ज्या माणसांची नावे आम्ही घेतली, त्यांपैकी कोणाच्याही काळात परिस्थिती अनुकूल नव्हती. परमार्थापुढे बंड होते, चोळकर-कोटणीसांपुढे बाँबवर्षाव. सोय झाल्यावर जाऊ, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले नाही.

आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता आमच्या परीने देतो. आमच्या १४ ऑक्टोबरची गोष्ट त्यांना कोणी सांगितली नाही, कारण त्यांच्या भाषेत ती सांगणारा माणूस आपण तयार केला नाही. आपण मराठीत बोलतो, हिंदीत बोलतो, थोडेफार इंग्रजीत लिहितो. चिनी, जपानी, थाई, ब्रह्मी या भाषांत आपला इतिहास आपण होऊन नेणारे आपल्यात किती? आणि त्या भाषांत असलेला आपलाच वारसा वाचू शकणारे किती? दुसरा कोणी येऊन हे करील, ही अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

म्हणून संस्थेपुढे आमची एकच विनंती. आपल्या शहरात पाली शिकण्याची सोय विद्यापीठात आहे. आपल्या वसतिगृहातील एखाद्या मुलाने वा मुलीने पालीसोबत चिनी भाषा शिकायची इच्छा दाखविली, तर तिच्या शिक्षणाची जबाबदारी संस्थेने घ्यावी. आमच्या परीने त्यास हातभार लावू. मित्राने तर ग्वांगझौहून परतताना विमानातच सांगितले आहे की, अशा मुलाच्या पुस्तकांचा खर्च त्याच्या दुकानाच्या खात्यावर लिहावा. तो म्हणाला, "फायदा कधी होईल ते पाहू. त्या उज्जैनवाल्याचा कुठं त्याच्या जिवंतपणी झाला?"

वर्षाला एक विद्यार्थी पुरे. पोथीवर दरवर्षी एकच ठिपका पडत होता, त्याचे ९७५ झाले.